बोर्डावरचा शब्द काढा, काम चालू ठेवा

आदरणीय ताई,

मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि १९९३ च्या भूकंपानंतर पुनर्वसनाची घरं उभी राहत होती तेव्हा साइट सुपरवायझर म्हणून लागलो. पुढे स्वतःचं ऑफिस टाकलं. घरांचे, दुकानांचे नकाशे काढतो, नगरपरिषदेची परवानगी आणून देतो, कामावर देखरेख करतो. नगरपरिषदेचा परवाना माझ्याकडे आहे. ऑफिसवर 'असोसिएट्स – आर्किटेक्ट्स अँड इंजिनिअर्स' असा बोर्ड आहे. इकडे सगळ्यांचेच असतात. गेल्या महिन्यात कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोटीस आली की नोंदणी नसताना तुम्ही 'आर्किटेक्ट' लावता. गावात नव्याने ऑफिस टाकलेल्या एका आर्किटेक्ट मुलानं तक्रार केली असणार. आता माझं कामच बेकायदेशीर ठरतं का? इतक्या वर्षांच्या अनुभवावर नोंदणी मिळते असं ऐकलं, ते खरं का? माझा मावसभाऊ कॅलिफोर्नियात असतो. तो म्हणतो, तिकडे दोन मजली घराला आर्किटेक्ट लागतच नाही. आपल्याकडे तशी सूट नाही का? ज्या कामाला माझी सही चालत नाही तिथे जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका ओळखीच्या आर्किटेक्टची सही घेतो, त्यामुळे तिथे अडचण नाही. मुलगी बी.आर्क.च्या चौथ्या वर्षाला आहे. तिच्या नावावर बोर्ड ठेवला तर चालेल का?

– एक वाचक

प्रिय वाचकबंधू,

तुमचं काम बेकायदेशीर नाही. तुमचा बोर्ड आहे. एवढा फरक नीट समजला की नोटिशीची निम्मी भीती जाईल. उरलेली निम्मी मात्र पत्रात जिथे तुम्ही 'तिथे अडचण नाही' असं लिहिलंय, त्या वाक्याची वाटायला हवी. त्याकडे येतेच, पण आधी कायदा बघू.

आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट १९७२ सालचा. त्याचं ३७ वं कलम म्हणतं की नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा आर्किटेक्टांची फर्म सोडून कोणीही 'आर्किटेक्ट' हे बिरुद वापरायचं नाही. नकाशा काढू नये, देखरेख करू नये, सल्ला देऊ नये, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. आणि ते लिहायचं राहून गेलं असंही नाही. विधेयकासोबत जे उद्देशांचं निवेदन जोडलं होतं त्यातच स्पष्ट केलं होतं की हा कायदा 'आर्किटेक्ट' या नावाला संरक्षण देतो, इमारतीचं डिझाइन, देखरेख आणि बांधकाम ही एकट्या आर्किटेक्टांची जबाबदारी ठरवत नाही. इंजिनिअर वगैरे मंडळी आपलं नेहमीचं काम करायला मोकळी आहेत, फक्त त्यांनी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेऊ नये.

आम्हा वकिलांचं असं नाही. १९६१ च्या कायद्याप्रमाणे सनद नसलेल्या माणसाला कोर्टात वकिली करताच येत नाही, मग तो पाटी लावो की न लावो. डॉक्टरांचंही तेच. आर्किटेक्टांच्या बाबतीत संसदेनं वेगळा रस्ता धरला आणि माझ्या मते तो शहाणपणाचा होता. गवंडी, मिस्त्री, ओव्हरसियर आणि डिप्लोमावाले यांना बाजूला काढलं असतं तर आपल्या तालुक्यांच्या गावांत घरं बांधली कोणी असती? आर्किटेक्ट मित्रांना हे आवडत नाही हे मला माहीत आहे. त्यांचं दुखणंही खोटं नाही: पाच वर्षं शिकायचं, नोंदणी करायची, आचारसंहिता पाळायची, आणि शेजारी कोणीही उठून तेच काम करणार. पण त्यावर उपाय कायदा बदलून घेणं हा आहे. आहे त्या कायद्यात नसलेलं वाचणं हा नाही.

कलम ३७ मध्ये कामालाच बंदी आहे का, यावर बरीच वर्षं वाद चालला. तो सुप्रीम कोर्टानं १७ मार्च २०२० ला मिटवला. निकाल 'कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर विरुद्ध मुकेश गोयल' या नावानं सापडेल. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती अजय रस्तोगी यांचा. मूळ भांडण नोएडा प्राधिकरणातल्या बढतीचं होतं. आर्किटेक्चरची पदवी नसलेल्या कर्मचाऱ्याला, ज्या पदाच्या नावात 'आर्किटेक्ट' आहे त्या पदावर नेता येईल का, असा प्रश्न होता. कोर्टानं दोन्ही बाजूंच्या हातात काहीतरी ठेवलं. नोंदणी नसलेल्या माणसाला आर्किटेक्ट करतो तसलं काम करायला कलम ३७ आड येत नाही, हे एक. पण पदाच्या नावात 'आर्किटेक्ट' असेल तर तिथे नोंदणी नसलेला माणूस बसवता येणार नाही. प्राधिकरणाला हवं तर पदाचं नाव बदलावं, हे दुसरं. तुमच्या बोर्डाला हाच न्याय लावा.

शिक्षेचे आकडे वाचून तुम्हाला हसू येईल. पहिल्यांदा दोषी ठरल्यास ५०० रुपयांपर्यंत दंड. तुमचा फ्लेक्स त्याहून महाग असणार. दुसऱ्यांदा मात्र सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यातही कोर्टाला दखल घेता येते ती कौन्सिलनं स्वतः केलेल्या किंवा तिच्या अधिकारानं झालेल्या तक्रारीवरूनच. म्हणजे त्या नव्या आर्किटेक्ट मुलाला परस्पर तुमच्यावर या कलमाखाली खटला भरता येत नाही. तो कौन्सिलला कळवू शकतो, आणि बहुधा त्यानं तेच केलंय. त्याच्यावर राग धरू नका. त्यानं कायद्यानं दिलेली वाट वापरली. पण गिऱ्हाईकानं 'आर्किटेक्ट समजून पैसे दिले' म्हणून फसवणुकीची फिर्याद दिली तर ती वेगळी वाट आहे आणि तिला कौन्सिलला विचारायची गरज नाही. माझ्या लेखी ५०० रुपयांपेक्षा हा धोका मोठा.

आता सूट कोणाकोणाला आहे ते. कलम ३७ नं तीनच जणांना बाजूला ठेवलंय: बागा आणि मोकळ्या जागा आखणारे लँडस्केप आर्किटेक्ट, जहाजं आखणारे नेव्हल आर्किटेक्ट, आणि परदेशात आर्किटेक्ट म्हणून काम करणारा माणूस, तोही एखाद्या ठरावीक प्रकल्पापुरता, सल्लागार किंवा डिझायनर म्हणून आणि केंद्र सरकारची आधी परवानगी घेऊन. तेव्हा मावसभावाचा कोणी अमेरिकेतला आर्किटेक्ट मित्र गावातल्या मंगल कार्यालयाचा नकाशा हौसेनं काढून द्यायला निघाला, तर ती परवानगी नसताना त्याचं नाव 'आर्किटेक्ट' म्हणून छापू नका. ब्रिटनचा १९९७ चा कायदाही आपल्यासारखा नावापुरताच आहे. तिथे या यादीत लँडस्केप आणि नेव्हलबरोबर गोल्फ-कोर्स आर्किटेक्टलाही मोकळीक आहे. ज्याचा त्याचा शौक. आपल्या यादीत गोल्फ नाही, इंजिनिअर नाही आणि गंमत म्हणजे सॉफ्टवेअर आर्किटेक्टही नाही. १९७२ मध्ये हिंजवडीत शेती होती. अक्षर धरून बसलं तर पुण्यातल्या निम्म्या कंपन्यांची व्हिजिटिंग कार्डं अडचणीत येतील, पण म्हणून तुमचा बोर्ड सुटत नाही.

मावसभावाचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे, पण तिथलं गणित उलटं मांडलेलं आहे. कॅलिफोर्नियात नावाबरोबर कामही राखीव आहे. नियम असा की डिझाइनचं काम लायसन्सवाल्यानंच करायचं, आणि मग त्यातून काही इमारती वगळल्या आहेत. तिथल्या बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडच्या ५५३७ व्या कलमात त्यांची यादी आहे: लाकडी सांगाड्याचं, तळघर सोडून दोन मजल्यांपर्यंतचं एका कुटुंबाचं घर, तेवढ्याच उंचीची, चारपेक्षा जास्त बिऱ्हाडं नसलेली लाकडी इमारत, त्यांना लागून येणारी गॅरेजं, शेतीच्या इमारती. पण त्या यादीखाली एक वाक्य आहे, जे तिकडचे नातेवाईक फोनवर कधी सांगत नाहीत. नेहमीच्या लाकडी सांगाड्याच्या नियमांपासून बांधकाम कुठे सरकलं, तर तिथला बिल्डिंग ऑफिसर तेवढ्या भागासाठी लायसन्सवाला आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर मागणारच. कॅलिफोर्निया भूकंपाचा मुलूख आहे. तुम्ही किल्लारीच्या पट्ट्यातले, तुम्हाला ते वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगड-मातीच्या भिंती आणि वरचं माळवदाचं ओझं यांखाली जी माणसं गेली, ती कोणाच्या नावापुढे काय लावलंय यानं वाचणार नव्हती. भिंतींना बांधून ठेवणारा पट्टा असता, वरचं ओझं हलकं असतं, तर त्यातली कितीतरी वाचली असती. त्यानंतरच्या पुनर्वसनाच्या साइटवर तुम्ही हेच काम शिकलात.

आपल्याकडे कॅलिफोर्नियासारखी 'इतक्या मजल्यांपर्यंत आर्किटेक्ट नको' अशी ओळ आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टमध्ये शोधायला जाऊ नका. ती तिथे असण्याचं कारणच नाही, कारण काम आधीपासून खुलं आहे. अडतं ते नगरपरिषदेच्या टेबलावर. नकाशा कोणाच्या सहीनं स्वीकारायचा हे विकास नियंत्रण नियमावली ठरवते. महाराष्ट्रात मुंबई महापालिका आणि काही वगळलेले भाग सोडले तर डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली आहे, जिला आपण सगळे युनिफाईड डीसीआर म्हणतो. तिच्या शेवटी जोडलेल्या परिशिष्टांत तांत्रिक माणसांची पात्रता आणि जबाबदारी दिली आहे: आर्किटेक्ट, इंजिनिअर, स्ट्रक्चरल इंजिनिअर, सुपरवायझर. कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या आर्किटेक्टला नगरपरिषदेचा वेगळा परवाना घ्यावा लागत नाही. बाकीच्यांना घ्यावा लागतो. (मुंबईत हाच माणूस 'लायसन्स्ड सर्व्हेअर' असतो आणि सगळे त्याला एलएस म्हणतात.)

तुम्ही 'परवाना आहे' एवढंच लिहिलंत. कोणत्या वर्गाचा, ते लिहिलं नाहीत. आज कपाटातून तो काढा आणि तीन गोष्टी बघा: तो इंजिनिअरचा आहे की सुपरवायझरचा, त्याची मुदत कधी संपते, आणि त्या वर्गाला किती मोठ्या भूखंडाचं आणि किती मजल्यांचं काम सादर करता येतं. दोन्ही वर्गांच्या मर्यादांत बराच फरक आहे. डिप्लोमावाल्याला इंजिनिअर वर्गात जायला अनुभवाचे पुरावे लागतात, आणि तुमच्याकडे अनुभव भरपूर आहे. तेव्हा आज सुपरवायझरच्या परवान्यावर असाल तर इंजिनिअरचा परवाना मिळतो का ते नगररचनाकाराच्या ऑफिसात जाऊन विचारा. जुन्या मंजूर नकाशांच्या प्रती आणि भोगवटा प्रमाणपत्रं सोबत न्या. मला तर वाटतं, तुमच्या 'सही चालत नाही' या अडचणीतली निम्मी कामं इथेच सुटतील.

खेड्यांतली कामंही करत असाल, म्हणून एक सांगते. छोट्या भूखंडांसाठी, म्हणजे १५० चौरस मीटरपर्यंत, युनिफाईड डीसीआरनं परवानगीची पायपीट बरीच कमी केली आहे. लोक त्याचा अर्थ 'आता नकाशाच नको' असा घेतात. तसं नाही. नकाशा नियमात बसतो हे परवानाधारक माणसानं लिहून द्यायचं असतं. सूट कागदाच्या फेऱ्यांची आहे, जबाबदार माणसाची नाही. उलट फाइल तपासणारा डोळा कमी झाल्यामुळे सही करणाऱ्यावरचं ओझं वाढलंय.

काही जागा अशा आहेत जिथे तुमचा परवाना कितीही चांगला असला तरी 'आर्किटेक्ट' म्हणजे नोंदणीकृत आर्किटेक्टच. १९७२ च्या कायद्याचं कलम ३५ सांगतं की कुठल्याही कायद्यात 'आर्किटेक्ट' आला की तो कौन्सिलच्या नोंदवहीतला. रेरात, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यात, व्याख्याच तशी आहे. बिल्डरला प्रकल्पाच्या खात्यातले पैसे काढायला आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए अशा तिघांची प्रमाणपत्रं लागतात, त्यातलं पहिलं तुम्ही देऊ शकत नाही. इंजिनिअरचं प्रमाणपत्र पात्रता असल्यास इंजिनिअरनं द्यावं, पण दोन्ही जागी एकच हात फिरवू नये. सरकारी निविदेत 'आर्किटेक्ट' मागितला असेल तर तिथेही तेच.

आता ती सही.

तुम्ही सहज लिहून गेलात, कारण ही गोष्ट तुमच्या व्यवसायात सहजच झाली आहे. नकाशा याचा, गिऱ्हाईक याचं, साइटवर हाच. आर्किटेक्ट तिसऱ्याच गावी, त्याच्याकडे फक्त पीडीएफ जाते आणि सही-शिक्का होऊन परत येते. दर ठरलेला असतो, चौरस फुटावर किंवा फाइलवर. दोघांनाही वाटतं की आपण एक तांत्रिक अट पूर्ण केली. पण या कागदावर तो आर्किटेक्ट काय लिहून देतोय ते एकदा सावकाश वाचा: हा नकाशा माझ्या देखरेखीखाली तयार झाला, बांधकाम माझ्या देखरेखीखाली होईल, जोते पूर्ण झाल्यावर मी कळवीन. यातलं काहीच खरं नाही. तुमच्या बोर्डावरचा शब्द ५०० रुपयांचा खोटेपणा होता. हा नगरपरिषदेला लेखी दिलेला खोटेपणा आहे, आणि त्यात तुमचा हात आहे.

सही देणाऱ्याचं काय होतं? त्याच्यावर कौन्सिल कलम ३० खाली गैरवर्तनाची चौकशी लावू शकते. ताकीद, निलंबन, नोंदवहीतून नाव काढणं, काहीही होऊ शकतं. तो घाबरला की पहिलं वाक्य 'मला साइट माहीतच नव्हती' हे असणार. त्या क्षणी तुम्ही एकटे उरता. महाडची तारिक गार्डन ही इमारत २४ ऑगस्ट २०२० ला कोसळून १६ माणसं गेली, तेव्हा पोलिसांच्या गुन्ह्यात बिल्डरबरोबर आर्किटेक्ट आणि आरसीसी सल्लागारही होते. तिथे काय खरं, काय खोटं ते कोर्ट ठरवेल. मला एवढंच म्हणायचंय की इमारत पडते तेव्हा तपास सहीपासून सुरू होतो आणि मग ती सही कशी आली, कोणी आणली, पैसे कोणाच्या खात्यातून गेले, इथवर पोचायला वेळ लागत नाही. फोनपेच्या नोंदी बोलतात.

आणि गिऱ्हाईकाच्या बाजूनंही बघा. त्या बापड्याला वाटतं की आपल्या घरावर आर्किटेक्टचं लक्ष आहे. त्यानं तो माणूस कधी पाहिलेला नसतो.

ज्या कामाला आर्किटेक्ट हवाच असेल तिथे त्याला खरोखर सामील करून घ्या. तुमच्या तीन हरकती मला ऐकू येतायत: तो फी जास्त घेईल, गिऱ्हाईक त्याच्याकडे वळेल, तो नकाशा बदलेल. पहिलीवर उपाय म्हणजे फी गिऱ्हाईकाला आधीच उघड सांगणं. दुसरीवर उपाय नाही; माणूस तुमच्याकडे तुमच्या देखरेखीसाठी येत असेल तर टिकेल. तिसरी तर चांगलीच गोष्ट आहे. लेखी करार करा: नकाशा कोण काढणार, साइटवर कोण किती वेळा येणार, सही कोण कशाखाली करणार. आणि खरं सांगू? तो गावातला नवा मुलगा, ज्याच्यावर तुमचा संशय आहे, त्याच्याशी बोलून बघा. त्याच्याकडे नोंदणी आहे, कामं कमी असणार. तुमच्याकडे कामं आहेत आणि गावातल्या प्रत्येक मिस्त्रीचा नंबर आहे. आज तो शत्रू वाटतो, पण जिल्ह्याच्या ठिकाणच्या त्या न दिसणाऱ्या सहीपेक्षा चालत जाण्याच्या अंतरावरचा आर्किटेक्ट कधीही बरा.

सध्या चालू असलेल्या ज्या फायलींवर अशी सही आहे, त्यांचं काय? त्यांची यादी करा. जिथे जोतं अजून झालेलं नाही तिथे तांत्रिक माणूस बदलल्याची सूचना नगरपरिषदेला देता येते, ती द्या. जिथे काम पुढे गेलंय, तिथे त्याच आर्किटेक्टला प्रत्यक्ष साइटवर आणा, स्लॅबच्या आधी, आणि भेटीची नोंद ठेवा. नाही म्हणाला तर बदला. स्ट्रक्चरलची सही स्ट्रक्चरल इंजिनिअरचीच हवी आणि तिचंही हिशेबपत्र मागून घ्या, नुसता शिक्का नको.

अनुभवावर नोंदणीचं तुम्ही ऐकलेलं अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच ते तालुक्या-तालुक्यांत अजून फिरतंय. कलम २५ मध्ये तशी सोय होती: पदवी नसली तरी नोंदवहीसाठी ठरलेल्या तारखेच्या आधी किमान पाच वर्षं जो भारतीय नागरिक आर्किटेक्ट म्हणून व्यवसाय करत होता, त्याला नोंदणी मिळू शकत होती. कायदा नवा आला तेव्हाच्या जुन्या मंडळींसाठी ती खिडकी होती. ती तारीख सत्तरच्या दशकातली. तेव्हा तुम्ही शाळेतही नसाल. कोणी 'दिल्लीत ओळख आहे, अनुभवावर करून देतो' म्हणत पैसे मागत असेल तर ते द्यायचे नाहीत. आज रस्ता मान्यताप्राप्त पदवीचाच आहे. कोणी ऐकवेल की चंदीगड आखणाऱ्या ल कॉर्बुझिएनं तरी कुठे आर्किटेक्चरची पदवी घेतली होती. खरंय, नव्हती, पण त्याचं चंदीगड उभं राहिलं तेव्हा आपला हा कायदाच नव्हता.

नोटिशीला उत्तर. तिच्यात मुदत दिली असेल, ती आधी बघा आणि मुदतीच्या आत स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह उत्तर धाडा. गप्प बसणं ही सगळ्यात वाईट कल्पना. नोटीस नेमकं काय म्हणते तेही दोनदा वाचा. 'बिरुद वापरणं थांबवा' एवढंच असेल तर उत्तर चार ओळींचं: अमुक तारखेपासून बोर्ड, लेटरहेड आणि इतर सर्व ठिकाणांहून हा शब्द काढला आहे, पुढे वापरणार नाही, फोटो सोबत जोडले आहेत. भांडू नका, गावातल्या इतर बोर्डांची यादी जोडू नका, त्या मुलाचं नाव घेऊ नका. 'सगळ्यांचेच असतात' हा बचाव नाही. नोटिशीत 'नकाशे काढणं, व्यवसाय करणं बंद करा' असंही असेल तर मात्र एक परिच्छेद वाढवा: मी नगरपरिषदेचा परवानाधारक आहे, परवाना क्रमांक अमुक, आणि १७ मार्च २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे कलम ३७ ची बंदी बिरुदापुरती आहे. हे उत्तर जिल्ह्यातल्या एखाद्या वकिलाला दाखवून मगच पाठवा. नोटीस माझ्यासमोर नाही.

शब्द काढायचा म्हणजे फक्त बोर्डावर रंग मारायचा नाही. तो कुठे कुठे दडलेला असतो ते बघा. लेटरहेड, रबरी शिक्का, कोटेशनचा नमुना, व्हॉट्सअ‍ॅपचं प्रोफाइल, गूगल मॅपवरची नोंद. तिथे तुम्ही स्वतः लिहिलं नसेल तरी 'आर्किटेक्ट' हा प्रकार निवडलेला असतो. गाडीच्या काचेवरचा स्टिकर, लग्नपत्रिकांत आणि गणेश मंडळाच्या अहवालात दिलेली जाहिरात. शॉप अ‍ॅक्टचा दाखला, जीएसटी, बँकेचं खातं या ठिकाणी फर्मच्या नावातच तो शब्द असेल तर नाव बदलायला अर्ज करावा लागेल, त्याला वेळ लागतो. अर्जाची पोच उत्तराला जोडा. आणि सगळ्यात विसरली जाणारी जागा म्हणजे ऑटोकॅडमधली नकाशाची चौकट. ऑफिसातली पोरं जुनी फाइल उघडून त्यावरच नवा नकाशा काढतात आणि तुमचं जुनं नाव पुढे जात राहतं. ती चौकट पुसा.

मग लिहायचं काय? 'सिव्हिल इंजिनिअर', 'नगरपरिषद परवानाधारक' आणि परवाना क्रमांक. सरळ आणि खरं. 'आर्किटेक्चरल कन्सल्टंट', 'आर्किटेक्चरल डिझायनर' असल्या पळवाटा काढू नका. कौन्सिलची पुढची नोटीस त्यावरच येईल, आणि ती दुसरी असेल. 'वास्तुविशारद' लावून मराठीच्या आडोशाला जायचा मोहही टाळा. लोक तुम्हाला 'आर्किटेक्ट साहेब' म्हणतात त्याला तुम्ही काय करणार? तोंडी कोणी म्हणालं म्हणून गुन्हा होत नाही. पण नवीन गिऱ्हाईक म्हणालं तर पहिल्या भेटीतच सांगून टाका की मी इंजिनिअर आहे. कोणी त्यामुळे उठून गेलं असं होणार नाही. तुमच्याकडे लोक येतात ते स्लॅब गळत नाही म्हणून.

राहिली मुलगी. चौथ्या वर्षाला असताना ती आर्किटेक्ट नाही. पाचवं वर्ष पार पडून पदवी हातात आली तरी नाही. नोंदवहीत नाव लागेल तेव्हा. नोंदणी क्रमांक 'सीए', वर्ष आणि आकडा अशा धर्तीचा असतो आणि तो कोणालाही कौन्सिलच्या संकेतस्थळावर पडताळता येतो, त्यामुळे 'तोवर तिच्या नावाचा बोर्ड' असं काही ठेवायचं नाही. नोंदणी झाल्यावरही तुम्ही आणि ती मिळून 'आर्किटेक्ट्स' नावाची भागीदारी काढू नका. आर्किटेक्टांची फर्म म्हणजे सगळेच भागीदार नोंदणीकृत, असं कौन्सिल मानते. दोन वेगळी नावं, दोन वेगळे शिक्के आणि दोन वेगळी खाती ठेवा. ऑफिस एकच असलं तरी चालेल. तिला पहिली दोन-तीन वर्षं दुसऱ्या कोणाकडे काम करू द्या, हा न मागितलेला सल्ला. आणि ती परत आली की तुमच्या नकाशांखाली तिची सही मागू नका. तिनं काढला, तिनं पाहिला, तर तिनं सही करावी. नाहीतर जिल्ह्याच्या ठिकाणचा तो गृहस्थ बरा होता असं म्हणायची पाळी येईल, कारण त्याचं नाव नोंदवहीतून गेलं तर त्याचं जाईल. इथे पोरीचं जाईल.